‘कॉलनी आली’ की ‘आम्ही कॉलनीत आलो’? एका पाड्याच्या इतिहासफलकांचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने परिसराच्या इतिहासावर बारा फलकांचे प्रदर्शन करायचे ठरवले. त्यांपैकी पाच फलक आरे वसाहतीतील एका वारली पाड्यावर असावेत, असा निर्णय झाला आणि मराठी मजकुराच्या संपादनाचे काम माझ्याकडे आले. पाडा, महाविद्यालय आणि माणसे ओळखू येतील असे तपशील येथे वगळले आहेत. काही किरकोळ गोष्टी बदललेल्या आहेत, मात्र वादाचे मुद्दे आणि त्यांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

आरे दुग्धवसाहत १९४९ साली सुरू झाली. शहरातील दाट वस्तीतले म्हशींचे गोठे बाहेर हलवून गोरेगावच्या टेकड्यांवर त्यांची सोय लावावी हा तिचा हेतू होता, आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तबेल्यांची क्रमांकित युनिटे, गवताची कुरणे, डांबरी रस्ते असा तिचा सरकारी इतिहास नीट नोंदलेला आहे. त्याच टेकड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी, काटकरी अशा जमातींचे पाडे आहेत. सर्वसाधारणपणे सत्तावीस पाडे सांगितले जातात. सरकारी इतिहासात त्यांचा उल्लेख आला तर गवत कापणारे मजूर म्हणून येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली गेली, तेव्हा हे पाडे वर्तमानपत्रांत आले. महाविद्यालयाचे कुतूहलही त्याच सुमाराचे होते, हे विभागप्रमुखांनी पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने सांगितले.

पाड्याच्या बाजूने तीन माणसे कामात होती. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी. त्यांच्या आईने धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, म्हणून परिसरातली अनेक लग्ने लावली होती आणि ती गाणी, निदान त्यांतली बरीचशी, आजींना येत होती. दुसरे होते दुग्धवसाहतीच्या गवत विभागात आयुष्य काढून निवृत्त झालेले एक काका. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पावत्या, रेशनकार्डे, शाळा सोडल्याचे दाखले आणि पाड्यातल्या निम्म्या घरांच्या अर्जांच्या नकला होत्या. तिसरी आजींची नात, इतिहासात एम. ए. करणारी. आजी मला बाई म्हणत, काका आणि नात मॅडम म्हणत, आणि काम संपेपर्यंत यात काही फरक पडला नाही. महाविद्यालयाच्या कागदपत्रांत या तिघांचा उल्लेख ‘माहितीदार’ असा होता. तो शब्द मीही पहिले तीन आठवडे बिनदिक्कत वापरला.

प्रश्न कुठे उभा राहिला

पहिली ठिणगी एका वाक्यावरून पडली. ध्वनिमुद्रणात आजी म्हणाल्या होत्या, ‘कॉलनी आली तवा मी लहान होते.’ विद्यार्थ्यांनी केलेल्या मसुद्यात त्याचे झाले, ‘दुग्धवसाहत स्थापन झाल्यावर हा पाडा वसाहतीत समाविष्ट करण्यात आला.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्यात काढण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी ते तसेच पुढे पाठवले. नातीने त्याखाली पेन्सिलीने लिहून परत पाठवले: ‘समाविष्ट कोणी केला? आजीच्या वाक्यात कॉलनी चालत आली आहे. तुमच्या वाक्यात पाडा हलला आहे. पाडा हललेला नाही.’

ते वाचल्यावर मी सगळे फलक पुन्हा काढले, आणि हीच गोष्ट ठिकठिकाणी झालेली दिसली. आजींच्या बोलण्यात झरा, टेकडी, वाघोबाचा दगड ही जागच्या जागी उभी होती आणि माणसे, सरकार, तबेले, बिबटे त्यांच्याकडे येत-जात होते. आमच्या मसुद्यात शहर जागेवर उभे होते आणि पाडा त्याच्या संदर्भाने ‘उत्तरेला’, ‘लगत’, ‘आत’, ‘हद्दीत’ होता.

दुसरा प्रश्न शुद्धलेखनाचा, म्हणजे माझ्याच खात्यातला. आजी ‘पानी’ म्हणतात, धान्याच्या देवीला ‘कनसरी’ म्हणतात. मी सगळीकडे ‘पाणी’ केले आणि ‘कणीस’ या शब्दाशी नाते दिसावे म्हणून ‘कणसरी’ केले, कारण छापील मराठीत ते नाव बहुधा तसेच दिसते. नातीचे म्हणणे असे होते की आजी बोलते तेव्हा कोणालाच चूक ऐकू येत नाही. ती तुम्ही दुरुस्त करता तेव्हा तयार होते. वारली ही मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद तिला माहीत होता. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत वारली मराठीच्या खंडात आहे आणि जनगणनेच्या तक्त्यांत ती भिली गटाखाली मोजली जाते, हेही तिनेच मला सांगितले. या दोन्ही वर्गवाऱ्या ठरवताना वारली बोलणाऱ्या कोणाला विचारले गेले होते का, एवढेच तिने विचारले.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. तो विहिरीच्या सालाचा होता.

विहिरीचे साल

पाड्याच्या खालच्या बाजूला दगडी बांधणीची एक जुनी विहीर आहे. ‘नेहरू आले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात विहीर केली,’ असे आजी सांगतात. नेहरू १९५१ मध्ये आले, तेव्हा विहीर १९५० च्या उन्हाळ्यातली, असे गणित विद्यार्थ्यांनी केले आणि फलकावर ‘१९५०’ हे साल ठळक अक्षरांत आले. सगळ्यांना ते आवडले. मौखिक परंपरेतून नेमके साल हाती लागते तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला जो आनंद होतो तो मी समजू शकते.

काकांनाही ते आवडले, पण वेगळ्या कारणाने. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० हा मानीव दिनांक आहे. त्या तारखेला कुटुंब कुठे राहत होते हे दाखवावे लागते, आणि जात पडताळणीत त्या आधीच्या कागदाला जे वजन असते ते नंतरच्या कागदाला नसते. ज्या घरातले आजोबा-पणजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांच्याकडे असा कागद कुठून येणार? ‘पाड्यातली विहीर १९५०’ असे महाविद्यालयाच्या नावाने छापून आले तर निदान दाखवायला काहीतरी होईल, असे काकांना वाटत होते, आणि त्यांच्या पेटीतले नामंजूर अर्ज मी पाहिलेले असल्याने त्यांना हसण्याचे मला काही कारण नव्हते.

विरोध केला तो नातीने. ‘आजी नेहरूच म्हणते, पण त्या काळी जो मोठा माणूस गाडीतून आला त्याला ती नेहरूच म्हणते,’ असे ती म्हणाली. मग तिने आजींना पुन्हा विचारले, या वेळी साल सोडून कामाविषयी: विहीर कोणी खणली, दगड कुठून आला, त्याआधी पाणी कुठले. त्या दुपारी आम्ही कुडाच्या भिंतीला टेकून बसलो होतो. कारवीच्या काड्यांवर नव्याने सारवलेली माती अजून ओली होती आणि माझ्या पाठीवर तिचा पट्टा उमटला, त्यावर आजी बराच वेळ हसल्या. मग त्यांनी हाताने जमिनीवर एक खळगा दाखवला. तिथे आधी झिरा, म्हणजे पाणी झिरपून साचणारा खड्डा, होता. उन्हाळ्यात वाटीवाटीने पाणी भरायचे, रात्री रांग असायची. कॉलनीच्या माणसांनी तो झिरा खोल केला आणि दगड बांधला. आजींच्या तोंडी ‘विहीर केली’ याचा अर्थ ‘दगड बांधला’ असा होता. आमच्या फलकावर त्याचे ‘खणली’ झाले होते.

म्हणजे ज्या वाक्याने आम्ही पाड्याला एक साल मिळवून देत होतो, त्याच वाक्याने पाड्याचे पाणी दुग्धवसाहतीच्या खात्यावर जमा होत होते. आधीचा झिरा, आणि झिऱ्यावर वस्ती करून राहिलेली माणसे, दोन्ही फलकातून गळाली होती.

समोरचे पर्याय

यानंतरच्या बैठकीत विभागप्रमुख, दोन प्राध्यापक, पाड्यातले तिघे आणि मी होतो. पहिला पर्याय म्हणजे तपशील दुरुस्त करून फलक प्रमाण मराठीत, महाविद्यालयाच्या नावाने लावणे. वेळ कमी होता आणि छपाईचे पैसे दिलेले होते, त्यामुळे प्राध्यापकांचा कल तिकडे होता. नातीने दुसरे टोक मांडले: पाडा प्रदर्शनातून बाहेर पडेल आणि पुढे आपला मजकूर आपण लिहील. आजींना ते मान्य नव्हते. गाणी ऐकायला शहरातली मुले आली होती, आता ती निघून जातील, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने तोट्याचा हिशेब एवढाच होता.

मधला मार्ग म्हणून मी सुचवले की आजींचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवावेत आणि बाकीचे निवेदन प्रमाण मराठीत असावे. वर्तमानपत्रांत हे रोज होते. नातीने त्यातली मेख लगेच दाखवली. अवतरणातला माणूस भावना सांगतो आणि निवेदनातला माणूस तथ्ये सांगतो, अशी वाचकाला सवय असते. या मांडणीत आजी कायम भावना सांगत राहतील आणि साल मात्र आम्ही सांगू. हा माझ्या व्यवसायाच्या वर्मावर बसलेला घाव होता, आणि त्या दिवशी मी उत्तर दिले नाही.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टी निकाली निघाल्या. एका फलकावर १९४५ च्या वारली उठावाची माहिती होती. प्राध्यापकांचे म्हणणे, वारल्यांचा इतिहास लिहायचा आणि त्यात उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर, वेठबिगार, तलवाड्याचा १० ऑक्टोबर १९४५ चा गोळीबार नसावा, हे कसे चालेल? काका म्हणाले, तो उठाव डहाणू-उंबरगावकडचा. आमच्या पाड्यात त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याबद्दल अभिमान आहे, पण तो नंतर मोर्चाला गेलेल्या मुलांनी आणला. आमचे आजोबा तेव्हा कुठे होते हे लिहा, सगळ्या वारल्यांना एकाच फोटोत उभे करू नका. तो मजकूर काढण्यात आला. फलकांच्या कडेने काढायच्या पांढऱ्या आकृतीही त्याबरोबर गेल्या, कारण लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे विधीचे चित्र, सवाशिणी लिहितात आणि त्यात पालघट देवी बसते. तो कडेची नक्षी म्हणून वापरायला आजी तयार नव्हत्या.

दुसरी गोष्ट प्रदर्शनाच्या नावाची. ‘मुंबईचे पहिले रहिवासी’ हे नाव ठरले होते. पण मुंबईत ही उपाधी सर्वप्रथम कोळीवाड्यांना लावली जाते आणि कोळ्यांचा त्यावर रास्त दावा आहे. शिवाय सोनकोळी अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत, महादेव कोळी आणि मल्हार कोळी आहेत, त्यामुळे ‘पहिले’ आणि ‘आदिवासी’ हे शब्द एकत्र आले की अर्थ भलतीकडे जातो. साष्टीत, म्हणजे उपनगरांच्या या बेटावर, कोण आधी आले याची शर्यत लावायची आमची कोणाचीच इच्छा नव्हती. नाव बदलून ‘टेकडीवरून शहर’ असे झाले. हे काकांनी सुचवले होते.

काय केले

शेवटी जे केले ते आधी ठरवलेल्या कोणत्याच पर्यायात बसत नव्हते. पाचही फलकांचे निवेदन आजी, काका आणि नात यांच्या नावाने, त्यांच्या वाक्यरचनेत आले. आजींचे दोन फलक वारलीत, देवनागरीत, ‘पानी’ आणि ‘कनसरी’सह, शेजारी लहान अक्षरांत प्रमाण मराठी रूपांतर, आणि ते संपादकाचे असल्याची नोंद. महाविद्यालयाचा वाटा ‘ध्वनिमुद्रण आणि मांडणी’ एवढाच लिहिला गेला. हे मान्य करून घेताना कष्ट पडले. एका प्राध्यापकांनी सरळ विचारले की पद्धतशीर चिकित्सा कोणी केली हे मग कुठे दिसणार. विहिरीच्या फलकावर दिसेल, असे विभागप्रमुख म्हणाले, आणि तो वाद तिथे थांबला.

विहिरीचा फलक नातीने लिहिला. त्यात साल नव्हते. मजकूर साधारण असा होता: आजी सांगते की नेहरू आले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कॉलनीच्या माणसांनी झिऱ्याला दगड बांधला. नेहरू १९५१ साली आरेत आले हे कागदांवर आहे. आजीचे नेहरू तेच का, हे मला ठरवता आले नाही. झिरा त्याआधीचा. तो किती आधीचा, हे आजीच्या आईलाही माहीत नव्हते.

काका नाराज झाले, ते मी लपवणार नाही. नातीने त्यांना जे सांगितले ते मला पटले होते: दाखल्यांची चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाने उद्या फलकावरचे साल तपासले आणि ते चुकीचे निघाले, तर पेटीतल्या खऱ्या कागदांवरही संशय येईल. तरी काकांचे नुकसान खरे होते. ते भरून काढण्यासाठी वेगळे काम केले गेले. ज्याखाली वनजमिनीवरच्या हक्काचा दावा करता येतो त्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत दावेदाराखेरीज इतर ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले कथनही येते. आणि जुन्या विहिरी, स्मशाने, पवित्र जागा यांसारख्या खुणाही येतात. दाव्यासाठी लागणारा दिनांक १३ डिसेंबर २००५ हा आहे, १९५० नव्हे. फलक म्हणजे असे कथन नव्हे. म्हणून झिरा, वाघोबाची जागा आणि दोन जुनी शेते यांविषयी आजींसह चार ज्येष्ठांची कथने तारखेसह लिहून, वाचून दाखवून, अंगठे आणि सह्या घेऊन वेगळी ठेवली, आणि त्यांच्या प्रती काकांच्या पेटीत गेल्या.

या पाचांतला एक फलक लिहून झाला, पण शेवटी छापलाच नाही. तो लग्नाविषयी होता. त्यात आजींनी सांगितले होते की आता पाड्यातली लग्ने मंडप आणि डीजे लावून होतात, धवलेरी बोलावतात पण गाणी अर्ध्यावर थांबवतात. जात पडताळणीच्या वेळी, अर्जदार त्या जमातीचा आहे का हे पाहणाऱ्या आप्तभाव चाचणीत चालीरीती, देवदेवता, बोली यांविषयी प्रश्न विचारले जातात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक कसोटी नसल्याचे स्पष्ट केले असले, तरी पाड्यातल्या दोन घरांचे अर्ज तेव्हा पडताळणीसाठी प्रलंबित होते, आणि ‘यांच्याकडे आता धवलेरी गात नाही’ हे वाक्य भिंतीवर लागावे अशी त्यांची इच्छा नव्हती. इतिहास म्हणून ते वाक्य खरे होते. ते काढायला मी विरोध केला नाही. नातीने केला, आणि मतदानात ती हरली. काकांच्या दाखल्यांपैकी एकावर ‘हिंदू वारली’ अशी नोंद होती, तीही फलकावर यायची होती. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही हे मी सांगून पाहिले, पण पाड्यातच यावर दोन मते होती आणि बाहेरच्यांसमोर ती मांडायला कोणी तयार नव्हते. ती नोंदही वगळली गेली.

निष्पत्ती

प्रदर्शन तीन आठवडे चालले. वारलीतल्या फलकांसमोर मराठी वाचक अडखळतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेकांनी ते मोठ्याने वाचले, आणि मोठ्याने वाचल्यावर त्यांना ते समजले. एका गृहस्थांनी अभिप्रायाच्या वहीत शुद्धलेखनाच्या नऊ चुका क्रमवार लिहून ठेवल्या. ते पान नातीने जपून ठेवले आहे.

ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रती पाड्यात आहेत, नकला महाविद्यालयात. नकला वापरण्याआधी विचारावे लागेल, असा एक साधा करार झाला. त्यात ‘माहितीदार’ हा शब्द नाही. ‘कथनकर्ते व इतिहासलेखक’ असे लिहिले आहे. आजींना हा शब्द समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारले, ‘मी कुठं लिवलं?’ नातीने उत्तर दिले की तू सांगितलेस, मी लिहिले, दोघींचे एकच. आजींना ते पटले नाही, पण अंगठा दिला. शेजारच्या पाड्यातले एक दादा विहिरीच्या फलकाची झेरॉक्स मागायला आले, तेव्हा काकांनी त्यांना ज्येष्ठांच्या कथनाचा नमुना दिला आणि फलक या कामाला उपयोगाचा नाही, हे स्वतःच समजावले.

आज करायचे झाले तर

करार पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. तो शेवटी झाल्यामुळे पाड्यातल्या माणसांना प्रत्येक दुरुस्ती भांडून मिळवावी लागली, आणि त्यांतल्या बऱ्याच दुरुस्त्या वास्तविक माझ्या चुका होत्या.

दुसरे, मी आधी ध्वनिमुद्रण ऐकले नाही, मसुदा वाचला. संपादकाला मसुदा वाचायची सवय असते. ‘केली’ आणि ‘खणली’ यांतला फरक कागदावर दिसण्यासारखा नव्हता. तो आजींच्या हाताच्या खळग्यात होता.

लग्नाच्या फलकाबद्दल माझे मत अजून पक्के नाही. तो तेव्हा काढणे योग्य होते असे मला वाटते. मात्र तो मजकूर लिहून, तारीख घालून, पाड्यातच बंद पाकिटात ठेवावा आणि त्या दोन घरांचे काम झाल्यावर उघडावा, असे नातीने त्याच बैठकीत सुचवले होते आणि घाईत ते कोणी ऐकले नाही. दोन्ही घरांना आता वैधता प्रमाणपत्रे मिळाली आहेत. गेल्या वाघबारशीला मी पाड्यावर गेले तेव्हा तो फलक आता लावायचा का, असे मी तिला विचारले. मजकुराची प्रत महाविद्यालयाच्या संगणकावर सापडत नव्हती. ध्वनिमुद्रण होते, म्हणून आम्ही तिघी ते पुन्हा ऐकायला बसलो, आणि मध्येच आजींनी ते थांबवायला सांगितले, कारण त्या वेळी त्यांनी गाण्यातली एक ओळ चुकीची सांगितली होती आणि आता त्यांना बरोबर ओळ आठवली होती.